बेळगावला पियानो शिकायला जाता-येता : मोठ्या वयाच्या शिकाऊंचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी खानापूरचा. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी पियानोला हात लावला, आणि तेव्हापासून दर आठवड्याला बेळगावच्या कॅम्प भागात शिकायला जातो. मध्ये एक वर्ष गोव्यालाही जाऊन पाहिलं. खानापूर, निपाणी, संकेश्वर, गोकाक, चंदगड इकडून लोक तेच तेच विचारत राहतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. सुरांबद्दल इथं फारसं काही नाही. क्लासच्या दारापर्यंत जायचं कसं आणि तिथून घरी यायचं कसं, एवढंच आहे.

१. आमच्या गावात पियानो शिकवणारं कुणी नाही. किती लांबचा क्लास धरावा?

नकाशावरचे किलोमीटर मोजू नका, जुलैतल्या ओल्या संध्याकाळी घरापासून दारापर्यंत किती वेळ लागतो ते मोजा. माझा हिशोब असा : एका बाजूला सव्वा तासाच्या आत असेल तर दर आठवड्याला जमतं. दीड-दोन तास लागत असतील तर पंधरवड्यातून एकदा प्रत्यक्ष जा आणि मधला तास घरून करा (प्रश्न १२). त्याहून लांब असेल तर उत्साह दिवाळीपर्यंत टिकतो. नामवंत टीचर लांब आणि साधे टीचर जवळ असा पेच असेल, तर पहिली दोन वर्षं मी जवळचे निवडीन. सुरुवातीला बोटांना मोठ्या नावापेक्षा न चुकणारा आठवडा लागतो.

२. आठवड्यातून एकदा पुरतं की दोनदा जावं?

एकदा पुरतं, घरी रोज अर्धा तास बसत असाल तर. दुसऱ्या खेपेला जाणारे तीन तास घरच्या वाद्यावर घालवले तर जास्त पुढं जाल. मोठ्या माणसानं मात्र अर्ध्या तासाचा तास घेऊ नये. दोन तास प्रवास करून तीस मिनिटं वाजवायचं, हे नारळ सोलून करवंटी चाटण्यासारखं आहे. पाऊण तास किंवा पूर्ण तास मागा.

३. कोणता वार आणि कोणती वेळ मागावी?

सगळ्यात कामाचा प्रश्न हा, आणि विचारतात सगळ्यात कमी लोक. पियानो टीचरकडे गर्दी असते ती शाळा सुटल्यावर, चार ते आठ. शनिवार-रविवारी सकाळपासूनच मुलांची रांग. सकाळी अकरा ते दुपारी तीन हा काळ मात्र बहुतेकांकडे रिकामा असतो. तुमची ड्युटी पाळीची असेल, दुकान असेल, निवृत्त असाल किंवा घर सांभाळत असाल, तर हीच वेळ मागा. बसला जागा मिळते, टीचर दमलेले नसतात, आणि तुमच्यामागं आठ वर्षांची मुलगी पाय हलवत, तुमची प्रत्येक चूक मोजत बसलेली नसते.

नोकरदारांना संध्याकाळच उरते. मग मुलांच्या मधली वेळ न घेता सगळ्यात शेवटची घ्या. आधीचा तास लांबला तरी तुमचा कापला जात नाही. पण तसं करण्याआधी परतीच्या गाडीचं बघा (प्रश्न ११).

वाराबद्दल : सोमवार टाळा. रविवारी पाहुणे येतात, सराव होत नाही, आणि सोमवारी टीचरसमोर मान खाली घालून बसावं लागतं. मी बुधवार धरलाय.

४. बसनं यावं, रेल्वेनं की गाडीनं?

कुठून येता त्यावर आहे.

खानापूर, लोंढा या बाजूनं रेल्वे चांगली, कारण बेळगाव स्टेशन कॅम्पाच्या शेजारीच आहे, चालत जाता येतं. बसनं आलात तर सीबीटीला (मध्यवर्ती बसस्थानकाला), म्हणजे किल्ल्याच्या बाजूला उतरता आणि तिथून पुन्हा रिक्षा नाहीतर सिटी बस. अडचण एवढीच, की रेल्वेची वेळ तुमच्या तासाशी क्वचित जुळते. मी जाताना बस आणि येताना जमेल ते, असं करतो. खानापूर-बेळगाव जेमतेम सव्वीस किलोमीटर आहे, त्यामुळं चुकलं तरी आभाळ कोसळत नाही.

निपाणी, संकेश्वरकडून महामार्गाची बसच बरी. संकेश्वरहून साधारण पन्नास किलोमीटर, निपाणीहून पंचाहत्तरच्या आसपास. स्वतःच्या मोटारीनं येणार असाल तर वाटेत हत्तरगीचा टोल आहे. दुचाकीला टोल नाही. दुचाकीवर मात्र तवंदी आणि वंटमुरीचे घाट दर आठवड्याला चढायचे-उतरायचे आहेत, हे लक्षात ठेवा. तरुणपणी मजा वाटते.

गोकाककडच्यांनी रेल्वेच्या नादाला लागू नये. गोकाक रोड स्टेशन गावापासून इतकं लांब आहे, की तिथं पोचेपर्यंत बस निम्म्या वाटेवर गेलेली असते.

शहरातल्या शहरात : टिळकवाडीत क्लास असेल तर रेल्वे गेट पडलं की थांबणं आलं. त्यासाठी दहा मिनिटं हातची ठेवा. रिक्षात बसण्याआधी भाडं ठरवून घ्या, मीटरवरून वाद घालण्यात तास जायला नको. आणि हेल्मेट मागच्यालाही लागतं. सोडायला येणाऱ्या मुलाला किंवा नवऱ्याला हे ठणकावून सांगा.

५. बायकांना कर्नाटकात बस मोफत आहे ना? मग क्लासला जातानाही चालते का?

चालते. शक्ती योजना ११ जून २०२३ पासून सुरू आहे, आणि तुम्ही कशासाठी जाता हे कुणी विचारत नाही. कर्नाटकातला पत्ता असलेलं आधारसारखं ओळखपत्र दाखवायचं आणि शून्य रकमेचं तिकीट मागून घ्यायचं. ते घेतलंच पाहिजे, तपासनीस आला तर तोच पुरावा. साध्या आणि एक्स्प्रेस गाड्यांना ही सवलत आहे. वातानुकूलित, स्लीपर, राजहंस यांना नाही, आणि राज्याबाहेर जाणाऱ्या गाड्यांनाही नाही.

फसगत होते ती इथंच. बेळगाव-कोल्हापूर पाटी लावलेली गाडी निपाणीवरूनच जाते, म्हणून निपाणीची बाई तिच्यात बसते आणि कंडक्टर पैसे मागतो. चढण्याआधी पाटी वाचा. चंदगडच्या बहिणींना महाराष्ट्राच्या एसटीत १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, पण ते महाराष्ट्राच्या हद्दीपुरतं. हद्दीच्या अलीकडचा भाग पूर्ण भाड्याचा.

६. महिन्याचा पास काढला तर परवडेल का?

नाही. रोज जाणाऱ्यासाठी तो असतो, महिन्यात चार-पाच खेपा करणाऱ्यासाठी नाही. विद्यार्थी पासही मिळत नाही, खासगी क्लास त्यात बसत नाही. एका काकांनी पांढऱ्या मिशीनिशी अर्ज भरला होता, खिडकीवरच्या माणसानं आदरानं परत दिला.

७. माझा कीबोर्ड बरोबर न्यावा लागतो का?

नाही, क्लासमध्ये वाद्य असतं. एकसष्ट पट्ट्यांचा साधा कीबोर्ड चार-सहा किलोचा, तो एखाद्या कार्यक्रमाला नेता येईल. पण वजनदार पट्ट्यांचा अठ्ठ्याऐंशी पट्टीवाला डिजिटल पियानो अकरा-बारा किलोच्या पुढं आणि सव्वा मीटरहून लांब असतो. लाल बसमध्ये त्याला घेऊन चढणं म्हणजे दार उचलून नेण्यासारखं. घरी मात्र असाच वजनदार पट्ट्यांचा हवा. हलक्या पट्ट्यांवर आठवडाभर वाजवून खऱ्या पियानोवर बसलात, की बोटं चिखलात रुतल्यासारखी वाटतात आणि सगळा प्रवास पट्ट्यांची ओळख करून घेण्यातच जातो.

८. गाडीवरून उतरल्या उतरल्या बोटं चालतच नाहीत. घरी येत होतं ते तिथं येत नाही. असं का?

हे सगळ्यांचं होतं, आणि निम्मा दोष प्रवासाचा असतो.

दुचाकीवर तासभर हँडल घट्ट धरून बसलं, की पंजा मुठीच्या आकारात आखडतो. वर हँडलची थरथर, त्यानं करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं. पियानोत नेमकी हीच दोन बोटं दुबळी असतात. त्यात डिसेंबर-जानेवारीची बेळगावची सकाळ. थंड बोटांना हुकूम पोचतो, पण उशिरा. बसनं येणाऱ्यांची बोटं शाबूत असतात, पण दांडीला लोंबकळत आलात तर खांदा आखडतो, आणि खांदा आखडला की मनगटही.

उपाय साधा आहे : तासाच्या वेळेच्या पंधरा मिनिटं आधी पोचा आणि ती पंधरा मिनिटं काहीतरी करा. हातमोजे घालून या. आल्यावर कोमट पाण्यानं हात धुवा. गरम चहाचा पेला दोन्ही तळव्यांत धरून बसणं हा माझा जुना उपाय, कॅम्पात चहाची कमतरता नाही. खांदे दोन-चार वेळा गोल फिरवा, हात खाली सोडून झटका. बोटं ओढून कडाकडा मोडू नका. मग टीचरला सांगून पहिली पाच मिनिटं सावकाश स्केल वाजवा. नवा धडा थेट वाजवायला घेतला, की चूक होते, आणि ती चूक पुढचा पाऊण तास डोक्यात बसते.

हेल्मेटमधल्या वाऱ्याच्या आवाजानं कानही थोडा वेळ सुन्न असतात. पहिली पाच मिनिटं सगळंच जोरात वाजवताय असं टीचर म्हणाले, तर कारण हे असू शकतं. बधिरपणा घरी गेल्यावरही राहत असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

९. पिशवीत काय काय असावं?

वही, पेन्सिल (पेन नको, कोणता सूर कोणत्या बोटानं ते सांगणारे आकडे बदलत राहतात), प्लॅस्टिकच्या जाड पाकिटात नोटेशनची पुस्तकं, नखं कापायचं नेलकटर, रुमाल. आणि पातळ तळव्याचे बूट. हे लोकांना चैनीचं वाटतं, पण पावसाळी गमबूट किंवा जाड तळव्याच्या बुटांनी पेडल किती दाबलं गेलं ते पायाला कळत नाही. पेडल अर्धवट उठतं आणि सूर एकमेकांत कालवले जातात. माझ्या पिशवीत जुने कॅनव्हासचे बूट कायम असतात.

१०. बसमध्ये सराव होतो का? वेळ वाया जाऊलाय असं वाटतंय.

होतो, पण जाताना वेगळा आणि येताना वेगळा.

जाताना पुस्तक मांडीवर उघडा आणि वाजवायचा तुकडा नुसता डोळ्यांनी वाचा, ओठ न हलवता आत म्हणत. अडखळाल तिथं घरीही अडखळत होता, हे लक्षात येईल. मग मांडीवर बोटं चालवा. उजवा हात सोपा जातो. डावा चालवताना शेजारी बसलेला माणूस विचारतो, "पेटी शिकताय काय?" आपल्याकडं हा प्रश्न साहजिक आहे. पंडित रामभाऊ विजापुरे यांच्यासारखा हार्मोनियमवादक ज्या गावात राहिला, तिथं काळ्या-पांढऱ्या पट्ट्या म्हटलं की पेटीच आठवणार. पेटी वाजवून आलेल्यांची अडचणही हीच : त्यांचा डावा हात वर्षानुवर्षं भाता हलवत आलेला असतो, त्याला पाच स्वतंत्र बोटं आहेत हे नव्यानं शिकवावं लागतं. पेटीवाल्यांनो, बसमधला सगळा वेळ डाव्या हाताला द्या.

तालासाठी खिडकीबाहेर बघत पावलानं ठेका धरा आणि त्यावर एक-दोन-तीन-चार मोजा. रस्त्याला खड्डे आहेत तिथं ठेका न सोडणं ही चांगली परीक्षा आहे. गंमत म्हणून नाही सांगत.

येताना मात्र बोटं नकोत. बसल्या बसल्या, पहिल्या पाच मिनिटांत, टीचर काय म्हणाले ते वहीत लिहा. शहराबाहेर पडलं की निम्मं विसरलेलं असतं. परवानगी घेऊन तासाचं रेकॉर्डिंग केलं असेल तर ते ऐका. स्वतःचं वाजवणं ऐकणं लाजिरवाणं असतं, पण टीचर "हळू, हळू" कितीदा म्हणाले ते तेव्हाच मोजता येतं.

११. तास रात्री आठला संपतो. परतताना काय काळजी घ्यावी?

शेवटच्या बसच्या भरवशावर वेळ ठरवू नका, शेवटून दुसरीच्या भरवशावर ठरवा. शेवटची बस कधी रद्द होते, कधी आधीच भरून निघते. वेळापत्रक सीबीटीच्या चौकशी खिडकीवर विचारून घ्या आणि दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा विचारा. एकट्या येणाऱ्या बायकांनी टीचरला आपली बस कोणती हे सांगून ठेवावं, म्हणजे तास लांबत असेल तर तेच उठवतात. आमच्या टीचर घड्याळाकडं बोट दाखवून म्हणतात, "तुमची गाडी!" आणि मी तुकडा मध्येच सोडून पळतो.

१२. पावसाळ्यात काय करता? जूनपासून सप्टेंबरपर्यंत खाडेच होतात.

खानापूरकडचा पाऊस ज्यानं बघितलाय त्याला हे समजावून सांगायला नको. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला तर दिवसच्या दिवस सूर्य दिसत नाही. निपाणीकडं वेगळी भानगड : वेदगंगा-दूधगंगा फुगल्या की निपाणी-चिकोडी तालुक्यांतले बुटके पूल पाण्याखाली जातात, आणि ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये तर यमगर्णीजवळ महामार्गच बंद झाला होता. अशा आठवड्यात शूरपणा करू नये.

जूनच्या आधीच टीचरशी ठरवून घ्या, की पावसामुळं येता आलं नाही तर तोच तास मोबाईलवर होईल. ऑनलाइन तासाला तीन गोष्टी लागतात. मोबाईल तोंडासमोर न ठेवता वरून, पट्ट्या आणि मनगटं दिसतील असा लावा. झूम वापरत असाल तर त्यातलं "ओरिजिनल साउंड" चालू करा. नाहीतर पियानोची लांबत जाणारी आस त्याला गोंगाट वाटते आणि तो ती कापून टाकतो. आणि टीचरबरोबर एकत्र वाजवायचा हट्ट धरू नका, आवाज मागं-पुढं पोचतो, ताल जुळत नाही. एकानं वाजवायचं, दुसऱ्यानं ऐकायचं.

लाकडी पियानो असेल तर पावसाळ्यात त्याच्याही पट्ट्या फुगून अडकतात. तासाला जाऊन आल्यावर घरचा बेसूर वाटला, तर दोष तुमच्या कानाचा नाही.

१३. बस चुकली, उशीर झाला, तर फी कापतात का?

आधी ठरवलं असेल तसं. बहुतेक टीचर आदल्या दिवशी कळवलं तर तास बदलून देतात, ऐनवेळी कळवलं तर तो गेला. हे रास्तच आहे, त्यांनी ती वेळ दुसऱ्या कुणाला दिलेली नसते. पहिल्याच महिन्यात स्पष्ट विचारा. मी एके ठिकाणी भिडेपोटी विचारलं नाही. तीन महिन्यांनी पुराच्या दोन आठवड्यांचेही पैसे मागितले गेले, आणि मी पुन्हा भिडेपोटी दिले.

१४. निपाणीहून कोल्हापूर जवळ आहे. बेळगावला कशाला यायचं?

अंतर बघितलं तर बरोबर आहे, कोल्हापूर चाळीस किलोमीटरच्या आसपास. चांगले टीचर तिकडं असतील तर जरूर जा. पण मध्ये हद्द आहे. वातावरण तापलं की दोन्ही राज्यांच्या बसगाड्या हद्दीवरच थांबतात. डिसेंबर २०२२ मध्ये आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये हेच झालं. अशा दिवसांत कोगनोळीपर्यंत एका गाडीनं आणि पुढं वडाप (माणसं भरून नेणारी खासगी जीप) नाहीतर कुणाच्या तरी गाडीनं, असं करावं लागतं. स्वतःच्या खासगी वाहनाला केए की एमएच यावरून वेगळा परवाना लागत नाही. बारा महिन्यांहून जास्त दुसऱ्या राज्यात ठेवलं तरच नोंदणी बदलायचा प्रश्न येतो. फुकट-अर्ध्या तिकिटाचा हिशोब प्रश्न ५ मध्ये आहे.

१५. कोणत्या दिवशी बेळगावात येऊच नये?

१ नोव्हेंबर. एकीकडं कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, एकीकडं सीमाभागातल्या मराठी लोकांचा काळा दिन. शहर अडलेलं असतं. वैशाखातल्या शिवजयंतीची चित्ररथांची मिरवणूक रात्रभर चालते, आणि अनंत चतुर्दशीचं विसर्जन दुसऱ्या दिवसावर जातं. त्या दिवशी पियानोचा तास ठेवणारा टीचर बाहेरगावचा समजावा. डिसेंबरात धारवाड रस्त्यावरच्या सुवर्णसौधमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन असतं, तेव्हा धारवाड, कित्तूर, बैलहोंगलकडून येणाऱ्यांनी अर्धा तास जास्त धरावा.

१६. गोव्यात पियानो शिकवणारे जास्त, मग तिकडंच का जाऊ नये?

गोव्यात चर्चच्या शाळांमधून पिढ्यान्‌पिढ्या पाश्चात्त्य संगीत शिकवलं गेलं, त्यामुळं शिकवणारे भेटतात हे खरं. मी एका वर्षी चोर्ला घाटावरून महिन्यातून एकदा गेलो. बेळगावहून पणजी सव्वाशे किलोमीटरच्या आत, पण घाटात पावसाळ्यात धुकं असं उतरतं, की पुढच्या गाडीचा लाल दिवासुद्धा दिसत नाही, मोबाईलची रेंजही जाते. गाणी, रेकॉर्डिंग जे ऐकायचं ते आधी उतरवून ठेवावं लागतं. नोव्हेंबर ते मे गेलो, जूनमध्ये सोडलं. तीन महिन्यांतून एकदा जाऊन महिनोन्‌महिन्यांचे प्रश्न सोडवून यायला गोवा उत्तम. दर आठवड्याला नाही.

१७. परीक्षा देता येते का? त्यासाठी कुठं जावं लागतं?

वयाची अट नाही. ट्रिनिटी आणि एबीआरएसएम या परीक्षा घेणाऱ्या ब्रिटिश संस्था, दोन्हींच्या आठव्या ग्रेडपर्यंत परीक्षा असतात. एबीआरएसएमची सहावी ग्रेड द्यायची तर आधी थिअरीची पाचवी किंवा तिच्या तोडीचं काही लागतं, ट्रिनिटीत ती अट नाही. प्रवास टाळायचा असेल तर व्हिडिओ पाठवून द्यायची परीक्षाही आहे. एबीआरएसएमच्या परफॉर्मन्स ग्रेडला सगळ्या रचना मध्ये न थांबवता एकाच व्हिडिओत वाजवायच्या असतात. समोरासमोरची परीक्षा परगावी असेल, तर आदल्या दिवशी जाऊन राहा. सकाळी घाट चढून दुपारी परीक्षकासमोर बसू नये (प्रश्न ८).

१८. या वयात पुस्तक काखोटीला मारून क्लासला जाऊलाय म्हणून लोक हसतात. काय सांगू?

काही सांगू नका. पहिले सहा महिने हसतात, मग लग्नात वाजवायला या म्हणतात. ते जास्त अवघड.

१९. दिवाळीला टीचरला काय न्यावं?

कुंदा नको, बेळगावात राहणाऱ्याला कुंदा काय द्यायचा. आपल्या गावचं न्या. संकेश्वरची मिरची, गोकाकचा करदंट (डिंक-गुळाची चिकट मिठाई). पण करदंट तास संपल्यावर हातात द्या. आमच्याकडं एकानं आधी दिला, टीचरनी कौतुकानं तिथंच उघडला, दोघांनी खाल्ला, आणि मधल्या सा च्या आसपासच्या चार पट्ट्या पुढं आठवडाभर बोटांना चिकटत होत्या.